हजेरीपटावर नाव नसलेली सावित्रीमाई

१० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. ३ जानेवारीला गावोगावच्या शाळांत कार्यक्रम होतात, मुली नऊवारी नेसून सावित्री होतात, पुढारी फोटोला हार घालतात आणि हार घालतानाचा फोटो काढून घेतात. १० मार्चला मात्र सगळीकडे सामसूम! सावित्रीमाई जगल्या कशा हे आता शाळकरी पोरही सांगते. त्या गेल्या कशा हे विचारले की भले भले पदवीधर अडखळतात. प्लेगने गेल्या, एवढे उत्तर मिळते. आम्हाला आज या उत्तराच्या खोलात शिरायचे आहे.

आम्ही हे लिहितो आहोत पुसेगावाहून. सातारा जिल्ह्यातले यात्रेचे पुसेगाव वेगळे. आमचे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. सावित्रीमाई सातारा जिल्ह्यातल्या, म्हणून हा खुलासा. आमच्या भागाला आपत्ती नवी नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरच्या धक्क्याने हिंगोली, नांदेड, परभणी हे जिल्हे हादरले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का. किल्लारीचा १९९३ सालचा भूकंप तर मराठवाडा विसरूच शकत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात नदीकाठची शेते खरडून निघाली ती वेगळीच. अशा प्रत्येक वेळी पारावर एकच चर्चा चालते. तलाठी आला का? डॉक्टर जागेवर होता का? कोण ड्युटी सोडून पळाला? कोणाचा फोन बंद होता? ही चर्चा रास्तच आहे. पण आमच्या मते ती अर्धवट आहे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. २००५ च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. ऐन संकटात त्या शहराच्या पोलीस दलातील सुमारे अडीचशे जण कामावरून गायब होते. त्यांची चौकशी झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ४५ पोलीस व ६ मुलकी कर्मचारी अशा ५१ जणांना बडतर्फ करण्यात आले. जगभर छी-थू झाली. ठीकच झाले. पण जे पळाले नाहीत त्यांचे काय? ४ सप्टेंबर २००५ रोजी त्याच शहरातील डॅन्झिगर पुलावर, ड्युटीवर हजर असलेल्या पोलिसांनी नि:शस्त्र काळ्या नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोन ठार, चार जखमी. मेलेल्यांपैकी एक सतरा वर्षांचा पोरगा, दुसरा बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस. हजेरीपट उघडून पाहिला तर हे पोलीस कर्तव्यदक्षच ठरतात! तेव्हा कोण पळाला आणि कोण थांबला एवढ्यावर हिशेब मिटत नाही. थांबला तो कोणासाठी थांबला, हेही विचारावे लागते. आमच्या इतिहासात एका बाईने या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. तिचे नाव कोणत्याही सरकारी हजेरीपटावर नव्हते.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीमाई शिक्षिका झाल्या. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या अंगावर शेण, चिखल, दगड फेकले. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात आणि शाळेत पोचल्यावर बदलत. हा प्रसंग वाचकांना पाठ आहे, म्हणून आम्ही तो घोळवत बसत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शेण पडल्यावर घरी परतण्याची वाट रोज मोकळी होती. परत फिरल्या असत्या तर त्यांना कामचुकार म्हणणारे कोणी नव्हते, उलट अर्ध्या पुण्याने पेढे वाटले असते. पगारासाठी किंवा वरिष्ठाच्या धाकाने जागेवर राहणे आणि जाण्याची पूर्ण मुभा असताना जागेवर राहणे, यांतला फरक इथपासूनच सुरू होतो.

पुढे १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा बायका विहीर जवळ करीत, नाहीतर जन्मलेले मूल मारून टाकीत. त्यांच्यासाठी सावित्रीमाईंचे घर रात्री-अपरात्री उघडे असे. बाळंतपणे त्या स्वतः करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. तोच पुढे डॉक्टर झाला आणि या कथेच्या शेवटी आईसोबत उभा राहिला. रक्ताचे नाते नसलेला मुलगा आणि जातीचे नाते नसलेले रोगी, असा हा संसार होता. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही याच घराने.

आता १८७७ च्या दुष्काळाकडे येऊ, कारण आपत्तीतले सावित्रीमाईंचे काम प्रथम तिथे दिसते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये आणि दक्षिण हिंदुस्थानात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. सरकारचे दुष्काळी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणून ठेवले. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची! हुकूम पाळणारे अधिकारी जागेवर होते, कागद व्यवस्थित होते आणि माणसे मरत होती. अशा वेळी १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. जोतीरावांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी छावणी काढली. सावित्रीमाई जुन्नर भागात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. गावे ओस पडत असल्याचे आणि जनावरे तडफडून मरत असल्याचे वर्णन त्यात आहे. तिथे सावकारांच्या कागाळीवरून सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडण्यात आले, तेव्हा सावित्रीमाई स्वतः कलेक्टरला भेटल्या. कार्यकर्ते सुटले आणि कलेक्टरने मदतही पाठवली. बाईमाणसाने कलेक्टरसमोर उभे राहून आपली माणसे सोडवून आणायची, ही १८७७ ची गोष्ट आहे, हे विसरू नका.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीमाईंनी ते स्वतः हातात घेतले आणि प्रेतापुढे चालल्या. १८९३ मध्ये सासवडला झालेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पासष्टीकडे झुकलेली विधवा बाई आता घरी बसून माळ ओढील, असे कोणाला वाटले असेल तर त्याने तिला ओळखलेच नव्हते.

१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. मग मुंबई पळू लागली. गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर गेले, व्यापारी गुजरातकडे गेले, काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. पैसेवाल्यांचे पळणे हवापालट ठरले. त्याला कोणी पळपुटेपणा म्हटले नाही.

पळू नयेत अशी ज्यांच्याविषयी सरकारला धास्ती होती ती माणसे वेगळीच होती. ती होती शहराचा मैला वाहणारे हलालखोर आणि कचरा उचलणारे बिगारी. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिकेने प्लेगच्या रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध लोक खवळले, आर्थर रोडच्या इस्पितळावर जमाव चालून गेला आणि महिनाभरातच म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी तो हुकूम ढिला केला. त्यांच्या अहवालात कारण नमूद आहे. भीतीने सफाईचे लोक शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हा तो विचार होता. वाचकहो, नीट पाहा! डॉक्टर गेले तर काय होईल, व्यापारी गेले तर काय होईल, यावर हुकूम बदलला नाही. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या जाण्याच्या नुसत्या कल्पनेने हुकूम बदलला. आणि ही माणसे जागेवर राहिली त्याचा पुतळा आम्ही आजवर कुठे पाहिला नाही.

त्यांना जाण्याची मुभा होती असेही नाही. सफाई कामगाराने आगाऊ नोटीस न देता काम सोडले तर तो गुन्हा, अशी कलमे इंग्रजी अमदानीच्या अनेक नगरपालिका कायद्यांत होती. खेड्यात तर कायद्याचीही गरज नव्हती. महाराला वतनाने बांधून ठेवले होते. वेशीची राखण त्याने करायची, मेलेले ढोर त्याने ओढायचे, मर्तिकाची खबर उन्हापावसात परगावी त्याने पोचवायची. गावावर संकट आले की पहिला धावणारा येसकर आणि भाकरीच्या वेळी शेवटचा तोच. आमच्या मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामी मुलखातही हीच रीत होती. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, ते उगीच नाही. जाण्याचा हक्क नसलेल्याचे थांबणे ही वेठ असते. बाबासाहेबांना ती वेठ संपवायची होती.

आता पुणे. १८९७ च्या सुरुवातीला प्लेग पुण्यात पसरला. इथेही तेच झाले. ज्यांना बाहेरगावी वाडा होता, मळा होता, सोयरे होते, ते निघून गेले. मागे उरले ते हातावर पोट असलेले आणि गावकुसाबाहेरचे. डॉ. यशवंत तेव्हा लष्करी नोकरीत होते. सावित्रीमाईंनी त्यांना बोलावून घेतले. ते रजा घेऊन आले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, गावापासून दूर उघड्या माळावर, मायलेकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. ससाणे हे यशवंतांचे सासर. यशवंतांची पहिली पत्नी काही काळापूर्वीच वारली होती, तरी सोयरिकीने जागा दिली. सरकारी अनुदान नाही, फलक नाही, उद्घाटन नाही.

त्या वेळी प्लेगविषयी काय ठाऊक होते, हे समजून घेतले तर या कामाची किंमत कळते. जंतू सापडला होता १८९४ मध्ये, हाँगकाँगला. पण तो माणसापर्यंत उंदरावरच्या पिसवेतून येतो, हे पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे सावित्रीमाई गेल्यानंतर. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली होती, पण ती मुंढवा-हडपसरच्या वस्तीपर्यंत पोचायला वेळ होता. रोग मारणारे औषध तर नव्हतेच. मग दवाखान्यात करायचे काय? तापलेल्या माणसाला सावलीत ठेवायचे, पाणी पाजायचे, पेज भरवायची, गाठ आली तर ती धुवायची, बांधायची. घरच्यांनी टाकून दिलेल्याजवळ बसायचे. थोडक्यात, डॉक्टरकीपेक्षा माणुसकीच जास्त आणि ती रोग्याच्या अंगाला हात लावूनच करायची. ज्या देशात धडधाकट महाराला शिवणे हा विटाळ, तिथे प्लेगने तापलेल्या महाराला शिवायचे!

मार्चच्या सुरुवातीला मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या लहान मुलाला प्लेगची गाठ आल्याचे सावित्रीमाईंना कळले. त्या तिथे गेल्या. वाहन मिळाले नाही किंवा मिळण्यासारखे नव्हते. त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतले आणि दवाखान्याकडे चालू लागल्या. वय सहासष्ट वर्षे. अंगाला अंग लागलेले. आता आपण जाणतो की प्लेगात यापेक्षा धोक्याची गोष्ट क्वचितच असेल. त्यांना पिसवेचे शास्त्र माहीत नव्हते, पण रोग्याजवळ गेलेला मरतो हे तर डोळ्यांसमोर रोज घडत होते. मुंढव्याहून हडपसरचा माळ फार लांब नाही, पण पाठीवर पोर घेऊन म्हातारीने चालायचे म्हणजे थांबत थांबतच जावे लागले असेल. पोर वाचले. सावित्रीमाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांनी देह ठेवला.

यानंतरचे पान आमच्या पाठ्यपुस्तकांना फार आवडते. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला होता, वॉल्टर रँड याला पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष नेमले होते आणि मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सोजिरांनी पुण्यातील घरे तपासायला सुरुवात केली. दारे फोडली, सामान जाळले, बायकांची उघड्यावर तपासणी केली. त्यांनी ड्युटी सोडली नाही, एवढे म्हणता येईल! २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. यावर चित्रपट झाले, चौकांना नावे दिली गेली. पुण्याचा प्लेग म्हटले की आजही शाळेत रँड आणि चापेकर हीच जोडी शिकवली जाते. रँडचे सोजीर घराघरांत शिरण्यापूर्वीच एक म्हातारी त्याच प्लेगशी झुंजता झुंजता गेली होती, हे त्या धड्यात नसते. मारणाऱ्याला आणि मेलेल्या साहेबाला पान मिळाले, वाचवणारीला तळटीपही मिळाली नाही. हे विसरणे आहे की विसरवणे, ते वाचकांनीच ठरवावे.

सावित्रीमाई एकट्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेही प्लेगग्रस्तांच्या सेवेत होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते प्लेगनेच गेले. महिन्याच्या अंतराने सत्यशोधक चळवळीने दोन मोठी माणसे गमावली आणि दोघेही रोग्यांजवळ उभे असताना गेले. डॉ. यशवंत पुन्हा लष्करी सेवेत गेले आणि पुढे काही वर्षांनी वारले. या घराण्याच्या मागे ना इस्टेट राहिली ना वतन.

आम्ही हे आज का उगाळतो आहोत? कारण दृश्य फारसे बदललेले नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर कुजलेली प्रेते उचलायला दूरदूरच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले. बहुतेक सगळे दलित. कित्येकांच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते. त्याच किनाऱ्यावर मदतीच्या रांगेत दलितांना बाजूला काढल्याच्या नोंदी आहेत. २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून हिंगोलीला परतलेल्या राज्य राखीव दलाच्या अनेक जवानांना लागण झाली. घरचे ज्या देहाला हात लावेनात त्याला पालिकेच्या माणसांनी अग्नी दिला. आम्ही थाळ्या वाजवल्या. थाळी वाजवून झाल्यावर त्या माणसांपैकी किती जण कायम झाले, किती जण अजून ठेकेदाराकडेच आहेत, हे थाळी वाजवणाऱ्यांनी विचारले नाही.

आणि पळून जाण्याची शिक्षा? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ५६ आहे. नेमून दिलेले काम परवानगीशिवाय सोडणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. वाचायला कडक वाटते. पण तीन कलमे पुढे जा. कलम ५९ म्हणते की सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय असा खटलाच भरता येत नाही. म्हणजे काम सोडणाऱ्या साहेबाच्या पुढे सरकार ढाल धरून उभे. आणि कंत्राटी सफाईवाला? तो दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. खटला नाही, चौकशी नाही, परवानगीची गरजही नाही.

येत्या १० मार्चला प्रतिमेला फूल वाहावे, आमची हरकत नाही. त्यासोबत आणखी एक काम करावे. प्रत्येक गावाचा आपत्ती आराखडा असायला हवा. तो ग्रामपंचायतीत मागून घ्यावा आणि वाचावा. पोहणाऱ्यांची नावे, ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर, उंचावरची शाळा, हे सगळे पाहून घ्यावे. नंतर गावाबाहेरची वस्ती शोधावी. ओढ्याला पूर आल्यावर, रात्री, तिकडे कोण जाणार आहे? तिथे नाव लिहिलेले आहे की रकाना कोरा आहे, हे पाहून ग्रामसभेत उभे राहून विचारावे. आम्ही पुसेगावात हा आराखडा मागणार आहोत.